चुनीमामा आणि गच्चीवरचं पाणी

चुनीमामांवर चिडून उपयोग नसतो. माणूस उलट बोलत नाही, मान खाली घालत नाही, निघूनही जात नाही. समोर उभा राहतो, तुमचं संपेपर्यंत ऐकतो आणि मग विचारतो, पाणी घेशील का. मी वकील आहे. शहाद्याच्या कोर्टात वीस वर्षं भांडतेय, तोंडाची फटकळ म्हणून तालुक्यात ओळखली जाते. पण ह्या एका माणसासमोर माझा आवाज चढतो आणि मग आपोआप उतरतो, आणि उतरल्यावर मलाच लाज वाटते.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझं माहेर ब्राह्मणपुरीचं. आमच्या शेजारच्या घरात जमनाकाकू राहायच्या, बन्सीकाकांच्या बायको, आणि चुनीलाल हे त्यांचे धाकटे भाऊ. दिवाळीला, भाऊबीजेला, लग्नकार्याला येत. जमनाकाकूंची पोरं त्यांना मामा म्हणायची म्हणून आमची सगळी गल्लीच मामा म्हणायला लागली. लग्न झालं नाही त्यांचं. का झालं नाही ते मला कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी तर नाहीच नाही. आई-बाप गेल्यावर जी चार बिघे जमीन होती ती मोठ्या भावांकडे राहिली आणि ह्यांच्याकडे राहिला पाइप पाना.

तापीवरून उसाला आणि केळीला पाणी उचलायच्या लाइनी टाकल्या गेल्या त्या काळात नवलसिंग नावाचे एक भिल्ल मिस्तरी होते. मामा पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबले. पाइपावर तळहात ठेवून आत पाणी किती जोरात आहे ते सांगायचं, ही त्यांची शिकवण. आणि दुसरी शिकवण अशी, की मशीनमधून काढलेला पार्ट फेकायचा नाही. मालक लोक नंतर हमखास म्हणतात की तू काही बदललंच नाहीस. म्हणून जुना पार्ट ठेवून घ्यायचा आणि त्याच्यावर खिळ्यानं काढल्याची तारीख कोरायची. मामांनी हे मिस्तरींपेक्षाही मनावर घेतलं. जिथं राहतील तिथं भिंतीला एक तार बांधायची आणि तिला जुने व्हॉल्व्ह, बेअरिंगा, फाटलेले वॉशर, जळालेल्या कॉइली लटकवायच्या. जमनाकाकू म्हणायच्या, लोकांच्या घरात देवांचे फोटो असतात, माझ्या भावाच्या घरात भंगाराचं तोरण असतं.

गुडघे कामातून गेल्यावर मामांनी लाइनीचं काम सोडलं आणि लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात नोकरी धरली. कार्यालय कुंदनशेठचं. मोठा एसी हॉल, खाली लॉन, मागं पाहुण्यांच्या बारा खोल्या. पंप, टाक्या, नळ, मोटारी, सगळं मामांकडे. राहायला गच्चीवर पत्र्याची एक खोली दिली. आणि त्या खोलीपासून बारा पावलांवर तो कूलिंग टॉवर.

टॉवर म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. हॉलच्या एसीत तापलेलं पाणी गच्चीवर येतं, उंचावरून धारांनी खाली पडतं, वरचा मोठा पंखा त्याची वाफ ओढून घेतो, पाणी गार होऊन खालच्या हौदात जमतं आणि परत एसीत जातं. दिवसभर तेच पाणी फिरत राहतं. थोडं पाणी बारीक तुषार होऊन बाहेर उडतं. हौदात शेवाळ धरू नये, जंतू होऊ नयेत म्हणून त्यात औषध सोडावं लागतं. त्यासाठी एक लहानसा पंप असतो, थेंब थेंब औषध टाकणारा. पूर्वी सुरतेहून एक माणूस महिन्याला येऊन औषध भरून, पाणी तपासून जायचा. मग कुंदनशेठनं त्याला बंद केलं. मग तो छोटा पंप जळाला. मामांनी तो काढला, तारीख कोरली, तारेला लटकवला आणि शेठला जाऊन सांगितलं. शेठ म्हणाला, बघू. मामांनी आणखी दोनदा सांगितलं असेल. शेठ दोनदा बघू म्हणाला असेल. नवा पंप आला नाही तो आलाच नाही, आणि टॉवर तसाच चालत राहिला, लग्नामागून लग्नं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात त्याच कार्यालयात जमनाकाकूंच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. खालच्या खोल्यांत बायकांची ही गर्दी, पोरांचा कालवा. काकूंना दुपारी आडवं व्हायची सवय. भाऊ इथंच नोकरीला, मग त्या गच्चीवर गेल्या. मामांनी त्यांच्यासाठी खाट काढली आणि खोली पत्र्याची, तापलेली, म्हणून टॉवरच्या सावलीत टाकली. तिथं गार वारा आणि तोंडावर बारीक तुषार. हळदीची दुपार आणि लग्नाची दुपार, दोन्ही दिवस काकू तिथं निवांत झोपल्या. खाली येऊन बायकांना सांगत होत्या की तुम्ही बसा घाम पुसत, माझ्या भावानं मला महाबळेश्वर दाखवलं. मीही होते त्या लग्नाला. मी हसले होते.

चौथ्या दिवशी ताप आला. मग खोकला, मग भ्रम, सुनेला दीपमालाला ओळखेनात. शहाद्याच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून सुरतेला धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवीची एक तपासणी केली आणि बन्सीकाकांना लीजनेअर नावाचा आजार सांगितला. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतो, तुषारातून श्वासात जातो. पिऊन होत नाही, माणसापासून माणसाला होत नाही, श्वासातूनच. त्यांनी विचारलं की गेल्या दहा दिवसांत ह्या कुठं कारंज्याजवळ, मोठ्या एसीजवळ होत्या का. बन्सीकाका नाही म्हणाले. त्यांना टॉवर कुठं माहीत. मामा कोपऱ्यात उभे होते, ते म्हणाले, होती. एवढंच म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी काकू गेल्या.

बाराव्याला मी ब्राह्मणपुरीला गेले. बन्सीकाकांनी मला बाजूला घेतलं. कुंदनशेठची माणसं येऊन सांगून गेली होती की बाईंना ऊन लागलं, म्हातारं माणूस, लग्नात उन्हातान्हात फिरल्या. सगळं गावही तेच म्हणायला लागलं होतं. काका म्हणाले, "हेमांगी, मला पैसे नकोत. ती कशानं गेली ते कोणीतरी साहेबानं कागदावर लिहून द्यायला पाहिजे." मी म्हटलं, मिळेल. सुरतेचा रिपोर्ट आहे, आता टॉवरच्या हौदातल्या पाण्याचा नमुना सरकारी माणसाकडून घ्यायचा, त्यात तोच जंतू निघाला की ग्राहक आयोगात केस उभी राहते. मी आरोग्य खात्याकडे अर्ज करते, चार दिवसांत येतील.

हे मी बन्सीकाकांना सांगितलं. मामा त्याच मांडवात दहा हातांवर बसले होते, पत्रावळी उचलत होते, आणि त्यांना सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. वीस वर्षांची वकील आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही. अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बाराव्यानंतर दोन दिवसांनी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला दोन गोष्टी होतात. एक, सासरी गेलेली मुलगी माहेरी येते. काकू दर आखाजीला भावाकडे यायच्या, त्याच्याकडे धड घर नव्हतं तरी यायच्या, त्या पत्र्याच्या खोलीत आमरस काढायच्या. दुसरी, गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि नैवेद्य दाखवतात. आणि त्या घागरीसाठी घरात शिळं पाणी राहू देत नाहीत. आदल्या दिवशी माठ, हंडे, टाकी, हौद, जिथं जिथं पाणी साठतं ते सगळं उपसायचं, घासायचं, उन्हात वाळवायचं, नव्यानं भरायचं. मामांच्या आईनं हे आयुष्यभर केलं, मामाही करत. पण टॉवरचा हौद त्यांना कधी धुता आला नव्हता, कारण आखाजी म्हणजे मुहूर्ताचा दिवस, हॉलमध्ये लग्न असायचंच, टॉवर कोण बंद करू देणार. त्या वर्षी शुक्राचा अस्त होता. लग्नं नव्हती, हॉल बंद, टॉवर बंद.

आखाजीच्या आदल्या दिवशी मामा सकाळी हौदात उतरले. बादल्या भरभरून गाळ काढला. जाळ्या सोडवून ब्रशनं घासल्या. ब्लीचिंग पावडर टाकून पाणी फिरवलं, सोडून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पाइप धुतले. खालच्या टाक्या धुतल्या, खोल्यांमधले शॉवर काढून उकळले. दिवस मावळेपर्यंत एकटे राबले. सुतकातून नुकता निघालेला माणूस, बहिणीच्या नावाची पहिली घागर भरायची होती त्याला, आणि त्याच्या घरातलं सगळ्यात मोठं शिळं पाणी ते होतं.

चार दिवसांनी आरोग्य खात्याची माणसं आली. बाटल्या भरून घेऊन गेली. रिपोर्ट आला. पाणी स्वच्छ.

मी जिना चढून गच्चीवर गेले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. अक्कल गहाण टाकली होती का, इथपासून सुरुवात केली एवढं पुरे. शेवटी मी असं म्हणाले की शेठला जे पैसे देऊन जमलं नसतं ते तुम्ही फुकटात करून दिलंत. ते उभे राहून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे आता जमनाचं काही लिहून येणार नाही? मी म्हटलं, नाही येणार. ते खाटेवर बसले. तीच खाट. रडले असते तर मला बरं वाटलं असतं, पण तोंडावर काही नव्हतंच, सुख नाही, दुःख नाही. मग उठले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

पाणी पिताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तारेला भंगाराचं तोरण होतंच. मी उगाच, काही बोलायचं म्हणून विचारलं की हे काय, ते काय. ते एकेकाला हात लावून सांगत गेले. ही खालच्या मोटारीची बेअरिंग. हा सात नंबर खोलीचा व्हॉल्व्ह. हा टॉवरमध्ये औषध टाकायचा पंप. मी तांब्या खाली ठेवला. पंपाच्या बाजूला खिळ्यानं तारीख कोरली होती, लग्नाच्या दोन वर्षं आणि पाच महिने आधीची.

माझ्या लगेच ध्यानात आलं. पाण्याचा नमुना गेला तर गेला. सुरतेचा रिपोर्ट आहे, आणि ह्या तारखेपासून टॉवरमध्ये औषधाचा थेंब पडलेला नाही ह्याचा पुरावा भिंतीवर लटकतोय. गाळ किती निघाला ते सांगायला काढणारा माणूस जिवंत आहे. केस उभी राहू शकत होती. पण ज्या माणसाच्या तोंडून हे यायचं, त्यालाच ते सगळं माहीत होतं. शेठनं तर सरळ हात वर करायचे, मला कोणी सांगितलंच नाही म्हणायचं. लेखी काही नव्हतं. मालकाला माहीत होतं हे सिद्ध करायचं तर आधी त्याच्या नोकराला माहीत होतं हे सिद्ध करायला हवं होतं. म्हणजे मला जमनाकाकूंच्या बाजूनं उभं राहून त्यांच्याच भावाकडे बोट दाखवायचं होतं.

मी त्यांच्यापासून हे लपवलं नाही. म्हटलं, मामा, साक्ष दिलीत तर नोकरी जाईल, खोली जाईल. आणि कागदावर काकूंचं नाव येईल तसं तुमचंही येईल, चांगल्या अर्थानं येणार नाही. खाट तुम्ही टाकलीत हे बन्सीकाकांना अजून माहीत नाही, तेही उघड होईल. विचार करा, दोन दिवस घ्या.

ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "जमनानं नाव येई ना? मंग मन्हं बी येऊ दे."

दोन दिवस त्यांनी घेतलेच नाहीत. पंप तारेवरून सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

बन्सीकाकांना मी घरी जाऊन सांगितलं. खाट कुणी टाकली, कुठं टाकली, टॉवर कुणी धुतला, सगळं. काका ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले की त्याला सांग, इकडं येऊ नको. दीपमाला आतून बाहेर आली आणि सासऱ्यांचं तोंड बघून परत आत गेली. मी मामांना निरोप दिला. ते बरं म्हणाले. पुढच्या दिवाळीला ते गेले नाहीत, त्याच्या पुढच्या आखाजीला गेले नाहीत. प्रतिज्ञापत्र दाखल झालं त्या आठवड्यात शेठनं खोली रिकामी करायला सांगितली. मामांनी लोणखेड्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून पडवी भाड्यानं घेतली, ठिबकच्या नळ्या जोडून द्यायची कामं धरली. तार तिथंही बांधली. तिच्यावर पंपाची जागा मोकळी ठेवली.

आयोगाचं काम म्हणजे तारखांवर तारखा. नंदुरबारला सतरा फेऱ्या झाल्या माझ्या. शेठच्या वकिलांनी आधी म्हणणं मांडलं की ह्या बाई आमच्या गिऱ्हाईकच नाहीत, हॉल मुलीच्या बापानं घेतला होता. ते टिकलं नाही. मग म्हणाले, पाहुण्यांची जागा खाली असताना त्या गच्चीवर गेल्याच कशाला. मग म्हणाले, ऊन लागलं. मग सरकारी नमुन्याचा रिपोर्ट काढला, पाणी स्वच्छ. शेवटी त्यांनी चुनीलाल ह्यांची समोरासमोर उलटतपासणी मागितली आणि आयोगानं ती दिली.

मामा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते, बाही मनगटापर्यंत बंद. पंप टेबलावर होता. मागच्या बाकावर बन्सीकाका बसले होते. दोघांची वर्षभरानं गाठ पडत होती, पण दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. समोरचे वकील हुशार, माझ्या चांगले ओळखीचे. त्यांनी आवाज चढवला नाही, ते अगदी आपुलकीनं विचारत होते, आणि त्याचाच मला राग येत होता.

खाट तिथं कोणी टाकली, हे त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, मी. टॉवर कोणाच्या ताब्यात होता. माझ्या. पंप जळालाय हे तुम्हाला माहीत होतं. होतं. मालकांना लेखी कळवलं का. नाही, तोंडी तीनदा. तोंडीचा साक्षीदार. नाही. औषधाशिवाय ते पाणी चांगलं नाही, एवढं तुम्हाला कळत होतं की नाही. मामा म्हणाले, कळत होतं, इतकं वाईट असतं ते कळत नव्हतं. वकिलांनी मान हलवली आणि मग ठेवणीतला प्रश्न काढला. सरकारी तपासणीच्या आधी घाईघाईनं टॉवर धुण्याचं कारण काय, कोणाच्या सांगण्यावरून धुतला.

"कोणी नाही सांगितलं, साहेब. आखाजी होती," मामा म्हणाले. "बहिणीच्या नावाची घागर भरायची होती. शिळं पाणी कसं ठेवणार?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. वकील कागद आवरून खाली बसले. मी मागं वळून पाहिलं, बन्सीकाका चष्मा काढून पुसत होते. पुसून पुसून तो काही स्वच्छ होत नव्हता.

मी लेखी युक्तिवाद लिहायला बसले. त्यात एक वाक्य लिहावंच लागणार होतं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. मग डोळे मिटून लिहिलं, ते असं: सदर कर्मचाऱ्यास औषधाचा पंप बंद असल्याचे व पाणी दूषित होत असल्याचे पूर्ण ज्ञान असताना त्याने मयत महिलेस त्या जागी झोपू दिले, व कर्मचाऱ्याचे ज्ञान हे मालकाचे ज्ञान होय. कायद्यानं बरोबर वाक्य. त्या दिवशी मी घरी जेवले नाही, पण वाक्य खोडलं नाही.

निकाल ह्या मार्चमध्ये लागला. तक्रार मंजूर. जमनाबाई बन्सीलाल ह्यांचा मृत्यू कार्यालयाच्या निष्काळजीपणे ठेवलेल्या पाण्याच्या यंत्रणेतून झालेल्या संसर्गामुळे झाला, असं स्पष्ट लिहिलं. शेठनं भरपाई द्यायची. आणि चौदाव्या परिच्छेदात माझं ते वाक्य जसंच्या तसं, फक्त 'सदर कर्मचाऱ्यास'च्या जागी मामांचं पूर्ण नाव. साहेब लोकांना तयार वाक्य आवडतं.

प्रत घेऊन मी लोणखेड्याला गेले. मामा गोठ्याबाहेर ठिबकची नळी उकलत बसले होते. मी वाचून दाखवलं. तेरावा परिच्छेद वाचला, त्यात काकूंचं नाव होतं. मग पान उलटलं आणि पंधरावा वाचायला लागले.

ते म्हणाले, "मधला राहिला."

मी म्हटलं, त्यात काही नाही, कायद्याचं आहे. ते म्हणाले, वाच. मी वाचला. ते ऐकत राहिले, बाकीचं सगळं ऐकतात तसंच. शेवटी म्हणाले, बरोबर शे. मग काकूंचं नाव होतं ती ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि तिथं बोट ठेवून ते बोट बराच वेळ उचललं नाही. मला वाटलं होतं की केस जिंकल्यावर काहीतरी वाटेल. मला काहीच वाटलं नाही. त्यांनी पाण्याचं विचारलं, मी नको म्हटलं.

एक प्रत बन्सीकाकांना दिली. त्यांनी ती देवघरात काकूंच्या फोटोमागं ठेवली. मी निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, चुनीला सांग, आखाजीला ये म्हणावं.

आखाजीला मीही माहेरी होते. मामा सकाळी नऊला आले, तोच पांढरा शर्ट. काका ओट्यावर बसले होते, त्यांनी बस म्हटलं, मामा बसले. दोघांत तेवढंच बोलणं. आत पुरणाचा वास सुटला होता. पाटावर नवी घागर होती, शेजारी डांगर, आंब्याचे डहाळे. आदल्या दिवशी दीपमालानं घरातलं सगळं पाणी बदललं होतं, माठ घासले होते. तिनं घागर उचलून मामांपुढं धरली आणि म्हणाली, मामा, ह्या वर्षी तुम्ही भरा.

मामांनी घागर हातात घेतली. नळाजवळ गेले. नळ सोडला, पाण्याखाली तळहात धरला आणि नळ बंद केला. मग दीपमालाला म्हणाले, एखादं मोठं पातेलं दे.

तिला कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. पातेलं दिलं. मामांनी ते नळावर भरलं, स्वयंपाकघरात नेलं, पुरणाचं भांडं बाजूला सरकवून गॅसवर ठेवलं आणि समोर उभे राहिले. पाण्याला आधण येईस्तोवर हलले नाहीत. आधण आल्यावरही लगेच उतरवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं ते खळखळू दिलं. नैवेद्याची ताटं वाढून तयार होती. मी त्यांना दहा वेळा तरी समजावून सांगितलं होतं की तो आजार पिण्याच्या पाण्यानं होत नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं.

पातेलं दोन फडक्यांनी धरून त्यांनी ओट्यावर आणून ठेवलं. बन्सीकाका इतका वेळ बघत होते. ते म्हणाले, "चुनी, आता तिला पाण्यानं काय होणार आहे रे?"

"काही नाही," मामा म्हणाले. आणि जवळचं वर्तमानपत्र घडी करून पाण्यावर वारा घालायला लागले.

थोड्या वेळानं काकांनी हात पुढं केला आणि वर्तमानपत्र स्वतःकडे घेतलं. मामांचा हात दुखत असावा. पाणी गार व्हायला तासभर लागला. पुरणपोळ्या निवल्या, शेजारच्या घरांमधले नैवेद्य होऊन गेले. आम्ही सगळे ओट्यावर बसून होतो. मग मामांनी घागर भरली.